सल्ला : नवं मशीन घ्यावं, शेड भाड्यानं द्यावी, की वेगळ्याच कामात जावं?

पत्राचा सारांश (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

पत्रलेखिका ३७ वर्षांच्या आहेत, मेकॅनिकल डिप्लोमा झालेल्या. भोसरी एमआयडीसीत त्यांचे वडील आणि काका यांची १९९१ पासूनची भागीदारी फर्म आहे. सहा सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ, दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन), एक ग्राइंडिंग मशीन, २४ कामगार. काम मुख्यतः दुचाकीच्या इंजिनाचे टर्निंग (लेथवर कातलेले) पार्ट. महिन्याची विक्री सरासरी ४० लाख, त्यातली ६४ टक्के एकाच टियर-वन (गाडी कंपनीला थेट माल देणाऱ्या) ग्राहकाला. या ग्राहकानं दरात ३ टक्के कपात मागितली आहे, पुढच्या वर्षी इंजिनाच्या पार्टचं शेड्यूल (ठरलेली मागणी) कमी होईल असं तोंडी सांगितलं आहे आणि दुसऱ्या एका पार्टसाठी 'नवीन व्हीएमसी टाका' असं सुचवलं आहे. उत्तर महिनाअखेरीस द्यायचं आहे.

वडील ६९ वर्षांचे, बायपासनंतर दिवसातून दोनेक तासच शॉपमध्ये येतात. काका ६४ वर्षांचे, घर तारण ठेवून मशीन घ्यायला तयार. आयटीत असलेला चुलत भाऊ म्हणतो, हे सगळं बंद करून शेड भाड्यानं द्या, महिना १ लाख १० हजार देणारा माणूस तयार आहे. वडील लेखिकेला म्हणतात, "आता तूच बघ". चेकवर सही मात्र काकांची. नऊ वर्षं क्वालिटी आणि हिशेब सांभाळूनही त्यांना ठरलेला पगार नाही, "लागतील तसे बाबा देतात." त्या विचारतात : "इलेक्ट्रिक गाड्यांमुळे आमचं काम पाच वर्षांत संपणार हे नक्की. मग घरात सगळ्यांचं एकमत करून नव्या क्षेत्रात कसं जायचं?"

उत्तर

तुम्ही पत्रासोबत आकडे पाठवलेत, हे फार चांगलं केलंत. तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत : पाच वर्षांत काम संपणार, आणि एकमत झाल्याशिवाय काही करता येणार नाही. दोन्हींकडे येतोच. पण त्याआधी तुमच्या हातात वेळ किती आहे ते पाहू, कारण घरात त्याबद्दल कुणीच बोलत नाही असं पत्रावरून दिसतं.

विक्री ४० लाख. बार स्टॉक (कच्चा माल, म्हणजे धातूच्या सळया) ५२ टक्के. इन्सर्ट (कातणाऱ्या टूलची बदलायची टोकं), कूलंट, चालू वीज, बाहेरचं प्लेटिंग आणि वाहतूक मिळून १३ टक्के. उरले ३५ टक्के, म्हणजे १४ लाख. मशीन चालो न चालो, द्यावाच लागतो असा खर्च यातून जातो : पगार ६ लाख २० हजार, लेथच्या कर्जाचा हप्ता १ लाख ४० हजार, विजेचा स्थिर आकार, विमा, कॅलिब्रेशन, हिशेबनीस, वॉचमन वगैरे १ लाख ४० हजार आणि दोन्ही घरांची उचल ३ लाख. बेरीज १२ लाख. शिल्लक २ लाख.

आता ३ टक्क्यांकडे पाहा. या ग्राहकाची महिन्याची विक्री २५ लाख ६० हजार, त्याचे ३ टक्के म्हणजे ७७ हजार. दरकपातीत बार स्वस्त होत नाही, पगार घटत नाही. हे ७७ हजार सरळ त्या २ लाखांतून जातात. याच ग्राहकाची मागणी ३० टक्क्यांनी घसरली तर आणखी २ लाख ७० हजार गेले. दोन्ही एकदम झालं तर दरमहा सव्वा लाखाच्या आसपास तूट.

ही तूट सोसायला काय आहे? तुम्ही लिहिलंय, ११ लाखांची एफडी आणि ६० लाखांच्या सीसीत (बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यात) अजून १३ लाख वापरायचे बाकी, म्हणजे २४ लाख. पण ते १३ लाख आपले समजू नका. बँक दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ड्रॉइंग पॉवर (खात्यातून प्रत्यक्ष किती उचलता येईल ती मर्यादा) काढते : माल अधिक ९० दिवसांच्या आतली येणी, त्यातून देणी वजा, वर साधारण २५ टक्के मार्जिन. विक्री महिन्याला पावणेआठ लाखांनी घटली आणि ग्राहक तीन महिन्यांनी पैसे देत असेल, तर येणी २३ लाखांनी कमी होतात आणि ड्रॉइंग पॉवर सुमारे १७ लाखांनी. जुनी वसुली जशी येईल तशी सीसीत भरत गेलात तर मेळ बसतो. त्याच वसुलीतून पगार आणि घरखर्च भागवलात तर खातं मर्यादेबाहेर जातं. चालत्या शॉपचं खातं एनपीएच्या (थकीत कर्जाच्या) वाटेला लागतं ते बऱ्याचदा असंच. मंजूर मर्यादा कागदावर तेवढीच असते, म्हणून मालकाच्या ते लक्षातही येत नाही.

म्हणजे खरी गंगाजळी ११ लाखांची. सव्वा लाखाच्या तुटीला ती नऊएक महिने पुरते. हा ग्राहक पूर्णच गेला तर तूट महिना ७ लाख आणि हाताशी वेळ दीड महिना. हे दोन आकडे एका कागदावर लिहून बाबा आणि काका दोघांसमोर ठेवा.

याच हिशेबातली एक गोष्ट मला अडली. तुमच्या आकड्यांत भंगार कुठेच दिसत नाही. बार स्टॉकच्या किमतीतून ते वजा केलं असेल तर ठीक. नसेल तर हे गणित करा : महिन्याला २० लाख ८० हजारांचा बार, किलोला ८० रुपये धरले तर २६ टन. १०० किलो बारमधून ६१ किलो तयार माल आणि २ किलो रिजेक्शन निघत असेल, तर ३७ किलो चिप्स (कातताना निघणारा चुरा) व्हायला हव्यात. म्हणजे महिन्याला साडेनऊ टन, किलोला ३० रुपयांनी पावणेतीन लाखांच्या वर. तुमच्या अख्ख्या शिल्लकीपेक्षा हा आकडा मोठा आहे. तुमचे आकडे लावून तो काढा. काही ग्राहक दर ठरवतानाच भंगाराची किंमत वजा करतात, त्यामुळे ही वरकमाई नसते, दराचाच भाग असतो. ते पैसे रोखीनं घरात जात असतील तर घरांची खरी उचल ३ लाखांहून बरीच जास्त आहे, शिवाय बिलाविना विक्रीचा जीएसटीचा धोका वेगळा. हा विषय नाजूक आहे. "कोण घेतं?" असं विचारू नका. "उद्यापासून वजन करून, बिलानं, फर्मच्या खात्यात" एवढंच ठरवा आणि मागचं उकरू नका. घराची उचल त्यामुळे कमी पडत असेल तर ती उघडपणे वाढवा.

आता काकांच्या मशीनबद्दल. काकांची भीती खोटी नाही. ग्राहकाच्या खरेदी विभागाला सरळ नकार दिला की पुढची चौकशी दुसऱ्या व्हेंडरकडे जाते, हे ते ३५ वर्षं बघत आले आहेत. पण आकडे असे आहेत. मशीन ४२ लाख. फिक्स्चर (पार्ट पकडून ठेवायचं साधन), टूल होल्डर, स्टॅबिलायझर, फाउंडेशन, कॉम्प्रेसरची भर धरून ५० लाख. १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळेल, पण पैसे आधी भरावे लागतील आणि क्रेडिट वापरून संपेपर्यंत ते अडकतील. बँक ७५ टक्के देईल असं धरलं तर साडेबारा लाख तुमचे, म्हणजे एफडी संपली आणि वर दीड लाख. साडेसदतीस लाखांचा साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता साधारण ८१ हजार.

समोर काम काय आहे? महिन्याला २५०० नग, सायकल टाइम ६ मिनिटं, नगाला ५८ रुपये, मटेरियल ग्राहकाचं. म्हणजे १ लाख ४५ हजार. खर्च : हप्ता ८१ हजार, दोन शिफ्टचे दोन ऑपरेटर ४८ हजार, वीज-टूल-कूलंट-मेंटेनन्स तासाला १७० रुपयांनी २५० तासांचे साडेबेचाळीस हजार. एकूण १ लाख ७१ हजारांवर. म्हणजे ग्राहकानं सांगितलेले सगळे नग दिले तरी महिना २६ हजारांचा तोटा. आणि तोंडी सांगितलेले २५०० नग पहिल्या सहा महिन्यांत क्वचितच येतात. सॅम्पल मंजुरी, पीपॅप (पार्ट मंजुरीची ठरावीक कागदपत्रं), ग्राहकाच्या लाइनवरची ट्रायल यात वेळ जातो. हप्ता मात्र ठरलेल्या तारखेलाच जातो.

पण तुम्हीच लिहिलंय की हातातल्या दोन्ही व्हीएमसी एकाच शिफ्टला चालतात. दुसरी शिफ्ट सुरू केली, दर मशीनला ७० टक्के वेळ कामाचा धरला, तरी महिन्याला २८० तास सुटतात. २५०० नगांना २५० लागतात. हेच काम जुन्या मशीनवर घेतलं तर हप्ता नाही, खर्च ९० हजार आणि हातात साधारण ५४ हजार उरतात. तेव्हा ग्राहकाला 'हो' म्हणा, मशीनला आत्ता 'नाही' म्हणा. सहा महिने सलग २५०० नग उचलले गेले, दर परवडणारा आहे हे दिसलं, की नव्या मशीनचा विषय काकांनीच परत काढावा. त्या वेळी घर तारण ठेवण्याआधी बँकेला सीजीटीएमएसई या लघुउद्योगांसाठीच्या सरकारी हमी निधीच्या पत हमीखाली कर्ज मागा. १ एप्रिल २०२५ पासून या हमीची मर्यादा १० कोटींपर्यंत आहे. वार्षिक फी लागते आणि भागीदारांची जबाबदारी काही संपत नाही, पण घराची कागदपत्रं घरात राहतात.

जुन्या मशीनवर हे काम घेण्यात एक अडचण येईल, ती आधीच बघा. दोन वेगळ्या मशीनवर एकच पार्ट चालवला की बोअरचं माप दोन्हीकडे वेगवेगळं सरकतं. जुन्या स्पिंडलचा रनआउट (फिरताना होणारी डगमग) आधी डायल लावून तपासा, दोन्हींसाठी फिक्स्चर सारखंच बनवा आणि दुसऱ्या शिफ्टला सेटर (मशीन कामाला लावून देणारा कारागीर) ठेवा. सेटरशिवायची रात्रपाळी म्हणजे सकाळी रिजेक्शनचा ढीग.

आता 'पाच वर्षांत संपणार हे नक्की' याबद्दल. हे इतकं सरळ नाही. २०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या दुचाकींत इलेक्ट्रिकचा वाटा सुमारे ६ टक्के होता, तर तीनचाकींत तो निम्म्याहून जास्त झालाय. बदल खरा आहे, पण प्रत्येक वाहनात त्याचा वेग वेगळा आहे. मध्येच धक्केही बसतात. एप्रिल २०२५ मध्ये चीननं दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि इलेक्ट्रिक मोटरला लागणारी चुंबकं मिळेनाशी झाल्यावर इथल्या इलेक्ट्रिक दुचाकींचं उत्पादन अडखळलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तर इलेक्ट्रिक गाड्यांवरचा ५ टक्केच राहिला, म्हणजे दोन्हींतलं अंतर कमी झालं. चुंबकांचं काय किंवा जीएसटीचं काय, आधी कुणी सांगितलं होतं? पाचव्या वर्षी काय असेल याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा आपल्या ड्रॉइंगच्या फायली उघडणं जास्त उपयोगाचं.

एका रविवारी सगळे चालू पार्ट नंबर काढा आणि प्रत्येकापुढे लिहा : हा पार्ट इंजिन नसेल तर लागतो का? व्हॉल्व्ह गाइड, रॉकर शाफ्ट, कॅमचे पार्ट, पिस्टन पिन, क्लचचे बुश इंजिनाबरोबर जाणारे. व्हील अॅक्सल, स्पेसर, ब्रेकच्या पिना, सस्पेन्शनचे बुश, स्टिअरिंग स्टेम, स्टँडची पिन यांना गाडी कशावर चालते याचं सोयरसुतक नाही. त्याच्याही पुढे एक रकाना ठेवा : हा पार्ट नव्या गाड्यांना जातो की रिप्लेसमेंट बाजारात? इंजिनाच्या गाड्या विकल्या जाणं कमी झालं तरी रस्त्यावरच्या गाड्यांना सुटे भाग बराच काळ लागत राहतात. प्रत्येक पार्टची विक्री आणि त्यावर उरणारा पैसा लिहिलात की कळेल की 'आमचं सगळं काम' म्हणजे नेमकं किती. कदाचित ४५ टक्के असेल, कदाचित ८०. दोन्हींची उत्तरं अगदी वेगळी येतात.

नवं क्षेत्र म्हणजे मोटर शाफ्ट किंवा बॅटरीची केसिंगच असायला हवी असं नाही. इलेक्ट्रिक गाड्यांच्या नव्या कंपन्यांचं शेड्यूल जुन्यांपेक्षाही जास्त हलतं आणि त्यातल्या काहींचं पेमेंटही. तुमच्या लेथवर आज होऊ शकणारं काम हायड्रॉलिक फिटिंग, न्यूमॅटिक सिलिंडर, पंप, औद्योगिक व्हॉल्व्ह आणि शेती अवजारांतही आहे. तिथं बॅच ५००० नगांची नसते, ५० ते ३०० ची असते आणि शॉप नेमकं तिथंच अडकतं. तुमच्या सेटरला एक पार्ट उतरवून दुसरा लावायला दीड तास लागत असेल, तर ५० नगांच्या कामात सगळी कमाई सेटिंगमध्ये जाते. म्हणून त्या ग्राहकांचे उंबरे झिजवण्याआधी एक लेथ बाजूला काढा आणि तिचा सेटअप ३० ते ४० मिनिटांवर आणा : सॉफ्ट जॉ (पार्ट पकडणारे मऊ धातूचे जबडे) आधीच बोअर करून नाव टाकून ठेवलेले, टूल बाहेर मोजून आणलेली, प्रोग्रॅम पार्ट नंबरनं साठवलेले, पहिल्या नगाची तपासणी दहा मिनिटांत. हे जमलं की कोटेशन द्या. दोन वर्षांत मोठ्या ग्राहकाचा वाटा ६४ वरून ४५ टक्क्यांवर आला तरी पुष्कळ झालं. त्याची विक्री घटवून नव्हे, बाकीची वाढवून.

पैशांच्या वसुलीकडे याच वेळी लक्ष द्या. ९० दिवसांनी पेमेंट घेणं ही रीत झालीय, पण एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीनं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या खर्चाची आयकरातली वजावट पैसे देईपर्यंत मिळत नाही. हा नियम आर्थिक वर्ष २०२३-२४ च्या हिशेबापासून आहे. १ एप्रिल २०२५ पासूनच्या मर्यादांत (यंत्रसामग्री अडीच कोटी, उलाढाल १० कोटी) तुमची फर्म बहुधा 'सूक्ष्म'मध्येच बसते. उद्यम नोंदणी अद्ययावत करा आणि क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. तक्रारीपर्यंत जायला तुम्ही कचराल आणि ते समजण्यासारखं आहे. त्याआधी ट्रेड्सचा (बिलांवर ऑनलाइन पैसे उभे करण्याच्या व्यवस्थेचा) मार्ग आहे : २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट अशा व्यासपीठांवर नोंदणी बंधनकारक आहे. ग्राहकानं बिल तिथं मंजूर केलं की बँक काही दिवसांत पैसे देते. व्याज ग्राहकाच्या पतीवर ठरतं, सीसीपेक्षा बहुधा कमी पडतं आणि ग्राहकानं बुडवलं तरी बँक तुमच्याकडे मागत नाही. ३ टक्क्यांच्या वाटाघाटीत हे टेबलावर ठेवा.

आता घर. तुम्ही 'एकमत' म्हणता, आणि एकमत होईपर्यंत सगळं थांबलंय. कायद्यानं भागीदार फक्त बाबा आणि काका. दोघांच्या फर्ममध्ये बहुमत असं काही नसतं. एक 'हो' आणि एक 'नाही' झालं की गाडं अडलं. त्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. १९९१ चा करारनामा शोधून वाचा. वेगळं काही ठरलेलं नसेल तर भागीदाराच्या मृत्यूनं फर्म विसर्जित होते, आणि भागीदार दोनच असतील तर तसं कलम असूनही एकट्याची फर्म उरत नाही. सीसी खातं नावे बाकीचं, म्हणजे कर्जाचं असतं, त्यामुळे भागीदार गेल्याचं कळताच बँक त्या खात्यातले व्यवहार थांबवते. म्हणजे नेमक्या त्या आठवड्यात पगाराचे चेक वटणार नाहीत. बाबांची बायपास झालेली आहे. बोलायला जड आहे, तरी हे काम मशीनच्याही आधीचं आहे.

तुम्ही भागीदार व्हा. चुलत भावाची इच्छा असेल तर त्यालाही घ्या. करारनाम्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या : कुणी गेलं किंवा बाहेर पडलं तरी फर्म चालू राहील, बाहेर पडणाऱ्याच्या वाट्याची किंमत कशी ठरेल आणि किती हप्त्यांत मिळेल, आणि कोणता निर्णय कोण घेईल. या शेवटच्या कलमानं एकमताचा घोळ सुटतो. उदाहरणार्थ, ५० हजारांपर्यंतचा खर्च, रोजचं नियोजन, कोटेशन आणि भरती तुमच्या एकटीच्या सहीनं. ३ लाखांपर्यंत तुमची आणि आणखी एका भागीदाराची सही. नवं कर्ज, तारण, जागेचा व्यवहार, कामाचं स्वरूप बदलणं यांना सर्वांची लेखी संमती. बदल करण्याआधी बँकेची संमती घ्या, नंतर भागीदारी संस्थांच्या निबंधकांकडे नोंद करा. नोंदणी नसलेल्या फर्मला थकबाकीसाठी दावा लावता येत नाही. बाबांच्या वाट्याबद्दल तुमच्या आईशी आणि भावंडं असतील तर त्यांच्याशी आधी बोला. त्यांना करार झाल्यावर कळलं तर नवं भांडण उभं राहील. एलएलपीचा (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा) विचार वर्षभरानं करा, आत्ताच सगळं एकदम नको.

भागीदार म्हणून दरमहा ठरलेलं मानधन घ्या. "लागतील तसे" मिळणाऱ्या पैशांत तुमची अडचण आहेच, फर्मचीही आहे. तुमचं काम फुकट धरलं की २ लाखांची शिल्लक खरी वाटू लागते. २०२५-२६ पासून भागीदाराला दिलेलं मानधन आणि व्याज वर्षाला २० हजारांच्या वर गेलं की १० टक्के टीडीएस कापावा लागतो, ते हिशेबनिसाला सांगून ठेवा.

चुलत भावाबद्दल तुम्ही लिहिलंय, "त्याला शॉपशी काही देणंघेणं नाही." तसं असेलही. पण त्याचा प्रश्न बरोबर आहे. शेडचं भाडं तुमच्या हिशेबात शून्य आहे. बाजारात ते १ लाख १० हजार आहे. ते आणि तुमचं मानधन धरलं तर २ लाखांतलं जवळजवळ काही उरत नाही. त्याच्या पर्यायातही खर्च आहेत, ते त्यानं धरलेले नाहीत. एमआयडीसीचा भूखंड भाडेपट्ट्याचा, पोटभाड्यानं द्यायला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागतं. लेथचं आणि सीसीचं कर्ज आधी फेडावं लागेल. कामगारांची ग्रॅच्युइटी द्यावी लागेल : मूळ पगार २० हजार आणि नोकरी २० वर्षं असलेल्या एकट्या कामगाराची ती २ लाख ३० हजारांच्या आसपास होते, कामगार कपातीची भरपाई त्यावर वेगळी. छोट्या शॉपमध्ये याची तरतूद बहुधा केलेलीच नसते. बंद करा वा चालवा, हा आकडा काढून ठेवा. मग भावाला विचारा, काकांच्या वाट्याचे किती पैसे, किती वर्षांत मिळाले तर तुला चालेल? त्यानं आकडा सांगितला की बोलणी पुढे सरकतील. कदाचित त्याला शॉप बंद व्हायला नकोच असेल, आपल्या आईवडिलांचं घर तारणात जायला नको असेल.

कामगारांना काही सांगायचं नाही असं काकांचं मत तुम्ही कळवलंय. शेड्यूल कमी झाल्याचं त्यांना ट्रॉलीवरूनच कळतं. गप्प राहिलात तर आधी सेटर जातो, कारण त्याला शेजारच्या गाळ्यात दुसऱ्या दिवशी काम मिळतं. दुसरी शिफ्ट का सुरू होतेय आणि पगार कुठल्या तारखेपर्यंत नक्की आहेत, एवढं तरी तुम्ही स्वतः उभं राहून सांगा. काका शेजारी असतील तर उत्तम.

आणि महिनाअखेरचं उत्तर. ते ईमेलनं द्या, फोनवर नको, आणि पाठवण्याआधी काकांना वाचून दाखवा. मजकूर असा असू द्या : नवा पार्ट आम्ही सध्याच्या क्षमतेत महिना २५०० नगांपर्यंत घेऊ, फिक्स्चरची किंमत स्वतंत्र टूलिंग पीओनं (खरेदी ऑर्डरनं) मिळावी, सहा महिन्यांची किमान संख्या लेखी द्यावी आणि उचल त्याच्या ८० टक्क्यांखाली गेल्यास दर पुन्हा ठरावा, जुन्या पार्टवरच्या ३ टक्क्यांऐवजी पुढील दोन पार्टवर दीड टक्का कपात, तीही ट्रेड्सवर बिलं मंजूर होऊ लागल्यापासून, बार स्टॉकच्या दरातला फरक दर तिमाहीला आणि मागील तारखेपासून. ते यातलं सगळं मान्य करणार नाहीत. किमान संख्या आणि ट्रेड्स या दोन गोष्टी सोडू नका, बाकीच्यावर काकांना बोलू द्या. खरेदी विभागातली माणसं त्यांना ओळखतात.